तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी वर्षं झाली, मग अजून खात्री का देता येत नाही?

आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवून मूल होण्याच्या उपचाराच्या, लॅबमध्ये भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते, असं कळलं की हा प्रश्न ठरलेला. पेशंट विचारतात, त्यांच्या घरचे विचारतात, नुसती ओळख झालेले लोकही विचारतात: "टेस्ट ट्यूब बेबीचा शोध लागून एवढी वर्षं झाली, मग पहिल्याच सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या पहिल्याच फेरीत, मूल होईल असं अजून छातीठोकपणे का सांगता येत नाही?" प्रश्न रास्त आहे. सायकल फेल गेलेल्या बाईने विचारला तर त्यात रागही असतो, आणि तोही रास्तच. मला याचं उत्तर या उपचाराच्या इतिहासातूनच देता येतं.

सुरुवात वेळेपासून करते. पिकअपच्या, म्हणजे स्त्रीबीजं काढण्याच्या, आधी एक इंजेक्शन असतं आणि ते ठरल्या मिनिटाला घ्या असं आम्ही पुन्हा पुन्हा बजावतो. त्यानंतर साधारण ३६ तासांनी स्त्रीबीजं काढायची. हा आकडा सहज हाती लागलेला नाही. १९३०च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांनी लिहिलं होतं की सशाप्रमाणे माणसाचंही स्त्रीबीज शरीराबाहेर १२ तासांत परिपक्व होतं. १९६०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स शस्त्रक्रियेत काढलेल्या बीजकोशाच्या तुकड्यांतून बीजं मिळवून तेच करून बघत होते. १२ तासांनी बघावं तर काहीच नाही. असे तुकडे मिळणं मुश्किल, एकेका बीजाचं मोल मोठं. शेवटी त्यांनी बीजं जास्त वेळ ठेवून बघितली आणि पंचविसाव्या तासाच्या सुमारास गुणसूत्रांची हालचाल सुरू झालेली दिसली. पूर्ण परिपक्व व्हायला ३६-३७ तास लागत होते. इतकी वर्षं पुस्तकात छापलेला आकडा चुकीचा होता!

शुक्राणूंचीही अशीच गोम होती. काही तास स्त्रीच्या शरीरात राहिल्याशिवाय त्यांना बीजात शिरण्याची ताकद येत नाही, हे १९५१ मध्ये मिन चुए चँग आणि कॉलिन ऑस्टिन यांनी वेगवेगळं शोधून काढलं. १९५९ मध्ये चँग यांनी बाहेर फलन केलेल्या बीजांपासून सशाची पिल्लं जन्माला घातली. माणसाच्या बीजाचं फलन अमेरिकेत मिरियम मेंकिन यांनी १९४४ मध्येच केलं होतं, पण ते तिथेच थांबलं. १९६९ मध्ये एडवर्ड्स, बॅरी बॅव्हिस्टर आणि पॅट्रिक स्टेप्टो यांचा माणसाच्या बीजाचं बाहेर फलन केल्याचा शोधनिबंध आला आणि रस्ता खरा मोकळा झाला.

स्टेप्टो इंग्लंडमधल्या ओल्डहॅमचे स्त्रीरोगतज्ज्ञ. दुर्बिणीतून पोटात बघण्याच्या तंत्रात त्यांचा हात बसलेला होता, म्हणून पोट न उघडता बीज काढता येऊ लागलं. १९७१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्यांना पैसे नाकारले. तरी एका छोट्या इस्पितळात काम चालू राहिलं. तिथली लॅब सांभाळायची जीन पर्डी. ती मुळात नर्स होती; एडवर्ड्सच्या हाताखाली शिकून जगातली पहिली भ्रूणतज्ज्ञ झाली. १९८५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेली. या कामाच्या ओल्डहॅममधल्या स्मृतिफलकावर तिचं नाव हवं असं एडवर्ड्स स्वतः मागत राहिले, तरी ते तेव्हा आलं नाही. २०१५च्या फलकावर आलं. मी जे काम करते ते आधी तिने केलं, म्हणून तिचं नाव मी प्रत्येकाला सांगते.

आता त्यांच्या अपयशाकडे बघा. जास्त बीजं मिळावीत म्हणून त्यांनी हार्मोनची इंजेक्शनं दिली. बीजं मिळाली, भ्रूण झाले, पण पाळी लवकर यायची आणि गर्भ धरायचा नाही. १९७६ मध्ये एकीला दिवस गेले, तर तो गर्भ नळीत राहिलेला. अखेर त्यांनी इंजेक्शनं बंद केली आणि महिन्याला नैसर्गिकपणे येणाऱ्या एकाच बीजावर भिस्त ठेवली. त्यासाठी बाईची लघवी दर तीन तासांनी तपासायची, रात्रीसुद्धा, आणि हार्मोन वाढलेलं दिसलं की मोजलेल्या तासाला बीज काढायचं. लेस्ली ब्राऊनचं एकुलतं एक बीज १० नोव्हेंबर १९७७ला असं काढलं. २५ जुलै १९७८ला तिची मुलगी लुईस जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी.

ही तारीख सगळ्यांना पाठ असते. मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या जवळपास दहा वर्षांत २८२ स्त्रियांनी तिथे उपचार घेतले. ११२ वेळा भ्रूण गर्भपिशवीत सोडले गेले. पाच जणींना दिवस गेले आणि बाळं झाली दोन. बाकीच्या जणी रिकाम्या हाताने घरी गेल्या, पण त्यांच्या प्रत्येक फेल सायकलमधून पुढच्या बाईसाठी काहीतरी कळत गेलं.

लुईसनंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींची 'दुर्गा' जन्मली. त्यांची पद्धत वेगळी होती: इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली, योनीमार्गाने काढली, भ्रूण गोठवला आणि नंतरच्या महिन्यात सोडला. आज आम्ही रोज करतो ते फ्रोझन ट्रान्सफर हेच. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, परदेशातल्या परिषदेला जाऊ दिलं नाही, शेवटी डोळ्यांच्या संस्थेत बदली केली. १९ जून १९८१ला त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएममध्ये १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर ज्यांनी यश मिळवलं, त्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखर्जींची टिपणं वाचली आणि १९९७ मध्ये भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा मान मुखर्जींना जाहीरपणे दिला. स्वतःकडे असलेला मान असा देऊन टाकणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

पुढचं भराभर झालं. इंजेक्शनं नीट वापरता येऊ लागली, सोनोग्राफीवर बघत पिकअप होऊ लागलं. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून इक्सी आलं, एकच शुक्राणू सुईने बीजात सोडायचं तंत्र. पुरुषाचा काउंट अगदी कमी असला तरी आशा निर्माण झाली. गोठवण्याचं तंत्रही खूप सुधारलं.

पण यातली प्रत्येक पायरी बीज मिळवण्याची, शुक्राणूशी गाठ घालून देण्याची किंवा भ्रूण सांभाळण्याची आहे. बीजाचा मूळ कस वाढवणारी एकही नाही. पिकअपच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तेव्हा नीट फलन झालेल्या बीजात दोन गोल दिसतात, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. कुठे एकच दिसतो, कुठे तीन, कुठे काहीच नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत भ्रूण बराचसा बीजातल्या शिदोरीवर चालतो. त्यानंतर त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात आणि बरेच तिथेच थांबतात. इन्क्युबेटरचं तापमान, वायू, द्रव सगळं जसंच्या तसं असलं तरी थांबतात.

याचं मोठं कारण वय. बाईची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि विभाजन अर्धवट थांबवून वर्षानुवर्षं वाट बघतात. वय वाढतं तशी गुणसूत्रांना धरून ठेवणारी पकड सैल होते आणि वाटणी चुकते. ब्रिटनच्या नियामक संस्थेच्या २०१९च्या आकडेवारीत, सोडलेल्या एका भ्रूणामागे बाळ होण्याचं प्रमाण पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांत ३२ टक्के होतं. स्वतःचं बीज वापरणाऱ्या ४३ आणि त्यापुढच्या स्त्रियांत ५ टक्क्यांच्याही खाली. ३२ टक्के म्हणजे तरुण बाईच्याही दर तीन भ्रूणांतले दोन बाळापर्यंत पोचत नाहीत. "माझं काय चुकलं? मी जिना चढले म्हणून?" असं विचारणारीला मी हेच समजावते. तिचं काहीही चुकलेलं नसतं.

म्हणून कुणी 'सक्सेस रेट' सांगितला तर विचारा: हा माझ्या वयोगटाचा आहे का? पिकअपमागे की ट्रान्सफरमागे? नुसती बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आल्याचा, की बाळ घरी नेल्याचा? सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.