आमची वाटचाल: मऊ कारपेट आणि त्याचा जोड

पुण्यात आमच्या व्यवसायाची सुरुवात कार्यालयांतील कारपेट बसवण्याच्या कामांपासून झाली. तिथे बहुधा आखूड लूपचे, कडक पाठीचे कारपेट असे आणि कडा सरळ कापून टेपवर नीट बसवल्या की जोड सहसा जमून येई. पुढे घरांत, होम थिएटरमध्ये आणि हॉटेलांच्या खोल्यांत मऊ, दाट लवेच्या कारपेटची मागणी वाढली आणि आमच्या कामाची रीतच बदलली.

हा मऊपणा मुख्यतः तंतू बारीक केल्यामुळे येतो. एकेका झुबक्यात असंख्य तंतू असतात, ते शेजारच्या ओळीवर कलतात, आणि पाठीकडून पट्टी लावून ब्लेड ओढले तर ही कललेली लवही छाटली जाते. मग जोडावर विरळ रेघ उमटते, जी कितीही ब्रश फिरवला तरी भरून येत नाही. म्हणून आमचे कारागीर दर्शनी बाजूने बोथट हत्याराने दोन ओळींमधली लव बाजूला सारतात, वाट पूर्ण मोकळी झाल्यावरच कटर चालवतात आणि ब्लेड बदलण्यात मुळीच काटकसर करत नाहीत. दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला झुकलेली असावी लागते. अन्यथा एकाच रोलचे तुकडेही दोन रंगांचे भासतात.

कापलेल्या कडेला आम्ही लेटेक्सचा सीलर लावतो. ग्राहकाला तो कधीच दिसत नाही, पण तो नसेल तर वापराने कडेचे झुबके सुटू लागतात, त्यामुळे हा टप्पा आम्ही कोणत्याही दरात वगळत नाही.

जोडाखालच्या टेपवरचा गोंद वितळवण्यासाठी फिरवायच्या इस्त्रीच्या बाबतीतही तितकीच दक्षता लागते. नायलॉन 6 ची लव सुमारे 220 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, पण पाठीचे पॉलिप्रॉपिलीनचे कापड 160 अंशांच्या आसपासच वितळू लागते. म्हणजे वरून सारे ठीक दिसत असताना खालची पाठ आकसलेली असू शकते. शिवाय टेप पूर्ण थंड होण्याआधी कारपेट ताणले, तर जोड उंचावतो.

आता आम्ही दरपत्रकासोबत जोडांचा आराखडाही देतो. जोड शक्यतो खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाच्या दिशेने जावा आणि दारातल्या वर्दळीत येऊ नये, असा आमचा आग्रह असतो. त्या आराखड्याला ग्राहकाची संमती मिळाल्यावरच आम्ही एकाच रंगबॅचचे रोल मागवतो.