थकीत मानधनाचा पाठपुरावा: माझा अनुभव

मुक्त चित्रकाराला थकवा येतो तो अतिकामाने, असे बहुतेक जण समजतात. दिवाळी अंकांच्या हंगामात कथाचित्रे आणि मुखपृष्ठे करताना मीही रात्री जागते. पण त्याने मनगट दुखते, चित्र काढण्याची इच्छा मरत नाही. ती मारली एका प्रकाशनसंस्थेच्या लेखा विभागाने.

अंक बाजारात आला, वाचकांची दादही आली; मानधन मात्र आले नाही. फोन केला की साहेब दौऱ्यावर असत. मग बिलावर पॅन नसल्याचे कळवले गेले, जो ठळक छापलेला होता. मग रद्द केलेला धनादेश पुन्हा मागवला, आणि शेवटी मार्चअखेरची गडबड संपू द्या, असे सांगितले. अशा प्रत्येक फोननंतर समोर नव्या मुखपृष्ठाचे कच्चे रेखाटन पडून राही आणि मी मनात पुढच्या ईमेलची वाक्ये जुळवत बसे. संतापाचा कडेलोट झाला तो प्राप्तिकराच्या २६एएस विवरणात (आपल्या नावे कापून जमा झालेला कर दाखवणाऱ्या नोंदपत्रात) त्याच बिलावरची करकपात दिसली तेव्हा. त्यांच्या वहीत माझे बिल मान्य होते, कर कापून सरकारजमाही झाला होता. उरलेली रक्कम तेवढी माझ्यापर्यंत पोहोचायची होती!

मी त्या विवरणाची प्रत जोडून पत्र लिहिले आणि त्यात कायद्याचा दाखला दिला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व्यावसायिकाचे देणे, लेखी करार असला तरी, पूर्ण झालेले काम ग्राहकाने स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत चुकते करावे लागते. करार नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे पत्र पोहोचताच दौरे संपले आणि पैसे जमा झाले. त्या रात्री मी शांत झोपले.

या कायद्यासाठी लागणारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, विनाशुल्क होते, मात्र ती काम हाती घेण्याआधीची हवी. माझी सुदैवाने होती. वसुलीचे फोन आता मी आठवड्यातून एकाच सकाळी करते, म्हणजे इतर दिवस चित्रांना मिळतात. आणि हे खरे तर आधी सांगायला हवे होते: अर्धे मानधन आगाऊ आल्याशिवाय मी पेन्सिल हातात घेत नाही. त्याच संस्थेने यंदा पुन्हा मुखपृष्ठ मागितले, तेव्हा हीच अट कळवली. आगाऊ रक्कम दुसऱ्याच दिवशी आली.