कॅसेटवर आहे तसं का नाही वाजवत?

आमच्या रॉक बँडचा कार्यक्रम संपून मी गिटारची केबल गुंडाळायला लागलो की कुणीतरी स्टेजच्या कडेला येऊन उभं राहतंच. आधी "लई भारी झालं" होतं. मग जरा थांबून, "पण ते मधलं गिटारचं लीड कॅसेटवर असं न्हाई की." किंवा, "पट्टी उतरवली काय?" क्लासमधली पोरं हेच विचारतात, फक्त मोबाइल पुढं करून. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले डॉक्टर म्हणाले, "ते मोठमोठे बँडवालेसुद्धा हल्ली आपलीच गाणी बदलून वाजवतात म्हणे. वय झालं ना." हे "वय झालं ना" माझ्याकडं बघून होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहितो.

वयाचं आधी. 'मशीन हेड' हा डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा अल्बम मार्च १९७२ चा. त्यातलं 'स्पेस ट्रकिन' पाच मिनिटांच्या आत संपतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत त्यांचे कार्यक्रम झाले, त्यांचं रेकॉर्डिंग 'मेड इन जपान' म्हणून निघालं. तिथं तेच गाणं जवळजवळ वीस मिनिटं चालतं. मार्च ते ऑगस्टमध्ये कुणी म्हातारं होत नाही. तिशीच्या आसपासची माणसं होती ती, अंगात रग होती आणि समोर ऐकणारे बसले होते, म्हणून गाणं वाढलं.

शिवाय काही गाणी रेकॉर्डवर संपतच नाहीत. 'स्मोक ऑन द वॉटर' शेवटी बारीक होत होत विरून जातं. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चंही तेच. स्टुडिओत ते काम एक माणूस बटण खाली ओढून करतो. स्टेजवर आम्ही पाच जण हळूहळू बारीक होत गेलो, तर मंडळाचा अध्यक्ष लाइट गेली म्हणून जनरेटरकडं पळेल. म्हणजे शेवट बनवावाच लागतो, आणि बनवला की झालं वेगळं. रेकॉर्डवर गिटारीवर गिटारी चढवलेल्या असतात, त्यांचं काय करायचं हा आणखी एक घोळ. 'स्टेअरवे टू हेवन'साठी लेड झेपेलिन बँडचा जिमी पेज दोन मानांची गिटार गळ्यात घालून उभा राहायचा, वरची बारा तारांची, खालची सहा. तरी हात दोनच.

आणि 'कॅसेटवर आहे तसं' म्हणजे नक्की कुठल्या कॅसेटवर? आमच्या वेळी कोरी कॅसेट नेऊन दिली की गाणी भरून देणारी दुकानं होती. माझ्याकडची प्रत प्रतीवरून काढलेली. घरच्या डेकची मोटर जोरात फिरायची, त्यामुळं सगळी गाणी जवळपास अर्धा सूर वर वाजायची आणि आम्ही गिटारी त्या डेकला मिळवायचो. एका गाण्याच्या मध्येच बाजू संपायची. आमचा बासवाला ती जागा आली की अजून किंचित अडखळतो. हे आमचं 'मूळ'.

पण ते मूळ होतं, हेही खरं. ही मंडळी कोल्हापुरात कधी येणार नव्हती. डीप पर्पल १९९५ मध्ये मुंबईला आले, तेवढ्यासाठी मुंबई गाठण्याची आमची ऐपत नव्हती. त्यामुळं डब्यातून जे वाजायचं तेच गाणं. विशीतला मी तुमच्यापेक्षा कडवा होतो. एका दोस्तानं लीडमधला एक सूर गाळला तर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं मी. तो मी आज समोर आला तर "काका, हे गाणं बिघडवताय" असं तोंडावर म्हणेल, आणि केबल गुंडाळायलाही मदत करणार नाही.

आमचे आजोबा नेमके उलटे. त्यांच्याकडं नाट्यपदांच्या तबकड्या होत्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यांच्या लेखी ती नुसती ओळख. पद ऐकायचं ते थेटरात, वन्स मोअर घेत, दर खेपेला वेगळं. बरीच वर्षं मी हाच मुद्दा लोकांवर फेकायचो. जोडीला अल्लादिया खाँसाहेब. या गावच्या दरबारचे गवई. तरुणपणी अतोनात गाण्यानं त्यांचा आवाज गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या नव्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी बांधली. आज तिला जयपूर घराणं म्हणून हात जोडता ना? मग २००७ मध्ये लंडनला साठीच्या उंबरठ्यावरच्या रॉबर्ट प्लांटनं, लेड झेपेलिनच्या गायकानं, काही गाणी खालच्या पट्टीत घेतली, तर नाकं का मुरडता? कोल्हापुरात खाँसाहेबांचं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो. मला ते बरं वाटायचं.

आता तो मुद्दा मला स्वतःलाच पुरेसा वाटत नाही. ख्यालाच्या बंदिशीत दोन-चार ओळी असतात, बाकी गवयानं भरायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. रॉकच्या रेकॉर्डवर लीडचा एकेक सूर हीच रचना असते. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं शेवटचं लीड लोक तोंडानं म्हणतात. ज्यांचं ते गाणं त्या ईगल्सनी १९९४ मध्ये ते साध्या गिटारींवर घेतलं, सुरुवातीला नवाच तुकडा जोडला, ओळखीचे कॉर्ड येईपर्यंत लोकांना पत्ता लागत नाही. पण शेवटचे ते सूर? बऱ्यापैकी जागच्या जागी. कुठं हात लावायचा नाही हे त्यांना कळत होतं. मला ते दर वेळी कळतं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. आम्ही 'चाइल्ड इन टाइम' वाजवणार होतो. १९७० चं, दहा मिनिटांच्या वरचं गाणं. त्यात शब्द संपतात आणि डीप पर्पलचा गायक इयान गिलन नुसत्या स्वरावर तीन टप्प्यांत चढत किंचाळीपर्यंत जातो. आमच्या गायकाची अख्ख्या कॉलेजात ओळख होती ती या तिसऱ्या टप्प्यामुळं. पन्नाशीनंतर तो टप्पा त्याच्या आवाजातून गेला. मग मी तोडगा काढला: पट्टी उतरवायची आणि वरचा टप्पा गिटारवर मी घ्यायचा. बरीच वर्षं असंच चाललं. लोकांना आवडायचं. मला तर फारच आवडायचं.

त्या संध्याकाळी गायक म्हणाला, "आज मूळ पट्टीत घेऊ."

"आणि वरचं?"

"ते माझ्यावर सोड."

ड्रमवाल्याच्या एका कानात वायर दिसली. त्याला कानाचा त्रास आहे, डॉक्टरनं काहीतरी यंत्र दिलं असेल असं मला वाटलं. तो क्लिक ऐकत होता. ट्रॅकबरोबर, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचं तर लय ट्रॅकचीच धरावी लागते, म्हणून कानात ठोके हवेत. हे मी क्लासात पोरांना शिकवतो, आणि समोर दिसत असून डोक्यात आलं नाही.

पहिला टप्पा त्यानं स्वतः घेतला. दुसराही, ओढूनताणून. तिसऱ्याच्या आधी मला एक श्वास ऐकू आला. कॉलेजात असताना तो तिथं उचकीसारखा एक श्वास घ्यायचा, आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो. तो श्वास मॉनिटरमधून, आमच्याकडं तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून आला. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस श्वास घेत नव्हता. मग आवाज आला, स्वच्छ, वर, आणखी वर. गॅदरिंगला टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेल्या आमच्याच कॅसेटमधून कुणीतरी तो सोडवून काढला होता. हल्ली सगळ्या वाद्यांतून नुसता गळा वेगळा करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. पट्टीही नीट बसवली होती. काम उत्तम होतं, एवढं म्हणायलाच हवं.

माझं लीड आलं. तिथं आम्ही एरवी मोकळं सोडतो. मी मान हलवेपर्यंत सगळे फिरत राहतात. मी अजून निम्म्यात होतो. ड्रमवाला खाली बघत राहिला आणि ठरलेल्या मात्रेवर तोडून पुढं गेला. ट्रॅक माझ्यासाठी थांबणार नव्हता. उरलेलं गाणं मी काय वाजवलं, आठवत नाही.

लोक उभे राहिले होते. पुण्याहून आलेली गायकाची मुलगी धावत स्टेजवर चढली आणि गळ्यात पडली. बापाचा हा आवाज तिनं आमच्या गप्पांतूनच ऐकला होता. तिच्यासमोर मी काय बोलणार?

टेंपोत सामान चढवताना गायकाला विचारलं, "आवाज कुणाचा होता?"

"माझा."

"कधीचा?"

"कधीचा का असंना. तुझा तर न्हवता?"

"निदान सांगायचंस."

"सांगितलं असतं तर वाजवलं असतंस?"

"न्हाई."

"मग?"

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "क्वीनवाले टेप लावत न्हवते काय?" बरोबर आहे. क्वीन बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मधल्या ऑपेराच्या भागात गळ्यांवर गळे इतके चढवलेत की स्टेजवर ते शक्यच नाही. ते तिथं टेप लावायचे. पण स्टेज सोडून आत जायचे, म्हटलं. लोकांना दिसायचं की आता इथं माणूस नाही. परत यायचे ते पुढचा जोरकस भाग वाजवायला. तो म्हणाला, "म्हंजे मी आत जाऊन चहा प्यालो असतो तर चाललं असतं?"

यावर मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही. चाललं असतं, असं वाटतं. पण का, ते नीट सांगता येत नाही.

त्यानंतरचं त्याचं बोलणं जास्त लागलं. "गिलननं हे गाणं उतरवून घेतलं काय रं? सोडून दिलं त्यानं." हेही खरं. २००० नंतर थोड्याच वर्षांत डीप पर्पलनं ते वाजवणं थांबवलं. बाकीची गाणी गिलन त्याच्या आताच्या आवाजात गात राहिला, हे मी सांगितलं, पण तो ऐकत नव्हता. "वरचं तू गिटारवर घेतोस तवा लोक तुझ्याकडं बघत्यात. मी मधी माइक धरून उभा. ते गाणं तुझं झालं, माझं कुठं ऱ्हायलं?"

मी इतकी वर्षं समजत होतो की मी त्याला सांभाळून घेतोय.

तरीही मला विचाराल तर मी बदलूनच वाजवणार. हातातून आज जे निघतं ते आणि समोर आज जे बसलेत ते, एवढ्यावरच मला वाजवता येतं. तुम्हाला कॅसेटसारखं हवं असतं यात तुमचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. माझ्याकडं ते मागू नका, एवढंच. आणि त्या मुलीनं त्या रात्री जे ऐकलं ते खोटं होतं का, असं मला विचारू नका.

गणपतीतल्या कार्यक्रमाची यादी चालू आहे. मी ते गाणं लिहितो, गायक खोडतो. तो म्हणतो सोडून देऊ, मी म्हणतो उतरवून घेऊ. परवा कीबोर्डवाला वैतागला. म्हणाला, "मुळात ते गाणं ऑर्गनचं हाय. दोघंबी गप बसा, वरचं मी घेतो." आता त्याच्याशी वेगळं भांडण सुरू आहे.