पिशवीवाल्याचं इंग्रजी

बावीस वर्षं माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘डिस्पोजल होलसेल’ असं लाल अक्षरांत रंगवलेलं होतं आणि डिस्पोजल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. खोटं कशाला सांगू? पोहे, चुरमुरे, तसं ते मालाचंच नाव असणार अशी माझी समजूत. गिऱ्हाईकही तसंच मागायचं. ‘पाचशे माणसांचं डिस्पोजल काढा की वो, पोरीचं लग्न हाय.’ मी ताटल्या, वाट्या, ग्लास, चमचे आणि टेबलावर अंथरायचा रोल बांधून द्यायचो. सोबत कॅरीबॅगांचे गठ्ठे. दुकान बेळगावात रविवार पेठेजवळच्या एका बोळात, घर शहापुरात. शाळा दहावीपर्यंत, तीही मराठी. इंग्रजीशी संबंध बिलापुरता. कन्नड बोलतो, पाट्या वाचतो. पण सरकारी कन्नडचं पानभर लांब वाक्य आलं की मध्येच दम लागतो.

२०१६ च्या मार्चमध्ये कर्नाटकात प्लास्टिकबंदी आली. बाजारात कन्नड फलक लागले, ‘प्लास्टिक निषेध’. मी वाचलं आणि निवांत राहिलो. आमच्या भागात निषेध म्हटलं की काळ्या फिती, सायकल फेरी, घोषणा. म्हटलं, करू देत बापडे निषेध, माल विकायला कोण अडवतंय? शेजारचा कन्नड व्यापारी पोट धरून हसला. ‘अण्णा, निषेध अंदरे बंदी!’ शब्द तोच, अक्षरंही ओळखीची, आणि अर्थ घर बदलून बसलेला. तोवर तपासणीवाले येऊन दोन गठ्ठे उचलून गेले होते. दंडाची पावती हातात देऊन म्हणाले, आदेश वाचा. आदेश एका व्यापाऱ्याने आणून दिला तो इंग्रजीत. नियम इंग्रजीत, फलक कन्नडमध्ये आणि दंड भरणारा मराठी, अशी आमची त्रिभाषा.

त्या वेळी माझी पुतणी आठवीत होती, इंग्रजी माध्यमात. रात्री जेवणं झाल्यावर तिला समोर बसवलं. तिने पहिल्याच ओळीत मला पाडलं.

‘काका, बंटिंग म्हणजे पताका.’

पताका! जत्रांसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या पताकांची दोन पोती माळ्यावर पडून होती. ती यादीत आहेत हे मला शब्द कळल्यावर कळलं. मग क्लिंग फिल्म, म्हणजे खाण्यावर गुंडाळायचं पातळ प्लास्टिक, मग टेबलावर पसरायची शीट, मग फ्लेक्स. एकेक शब्द ती वाचायची आणि मी मनात माळ्यावरचा एकेक कप्पा रिकामा करायचो. तिने विचारलं, ‘तुमच्या पाटीवर डिस्पोजल लिहिलंय ना? डिस्पोज ऑफ म्हणजे विल्हेवाट लावणं.’ बावीस वर्षं मी दारावर विल्हेवाट लिहून, खाली गणपतीचा फोटो लावून, उदबत्ती ओवाळत होतो.

उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी शब्द लिहायला लागलो. देवनागरीतच, माझी इंग्रजी अक्षरं मलाच लागत नाहीत. डावीकडे शब्द, मधे अर्थ, उजवीकडे तो शब्द किती रुपयांना पडला ती रक्कम. पुतणीला हे फार आवडलं. तिच्या शाळेच्या वहीत तिसरा रकाना नव्हता.

पाठ करायला सोपे शब्द कोणते, तर मोठे. पोल्यूशन, एन्व्हायर्न्मेंट, रिसायकल हे चार दिवसांत तोंडात बसले. ‘लिटर’ने जरा घोळ केला. एक लिटर दुधाचा, दुसरा लिटर म्हणजे रस्त्यात टाकलेला कचरा, आणि डिक्शनरीत तिसरा निघाला, कुत्रीने एका वेळी घातलेली पिल्लं. इंग्रजीत दुधाच्या लिटरचं स्पेलिंग वेगळं आहे म्हणे, माझ्या देवनागरी वहीत तिघं एकाच घरात राहतात. पण यात पैसे गेले नाहीत. पैसे गेले ते बारीकसारीक शब्दांत, जे मी वाचताना ओलांडून जात होतो.

पहिला तसा शब्द मायक्रॉनच्या मागे दडला होता.

मधे काही वर्षं धंदा अर्धा करून, चोरून-मारून नाही पण घाबरत चाललं होतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रातही बंदी आली. तोपर्यंत राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे जी ताटली माल होती ती अलीकडे गुन्हा होती. मग दोन्हीकडे सारखंच झालं. पुढे केंद्राचा नियम बदलला, कॅरीबॅग ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनची आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० ची हवी. एक एजंट आला, म्हणाला, ‘शेठ, जाड माल काढलाय, एकशेवीसच्या वर, बिनधास्त विका.’

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढं पुतणीने सांगितलं. म्हटलं, आता फसायचं नाही. उद्यमबागेत माझा एक दोस्त लेथवर आहे. त्याच्या मायक्रोमीटरमध्ये पिशवी धरली, बरोबर ०.१२ आलं. म्हणजे १२०. मी खूश. त्याने पिशवीत हात घालून ती फुगवली आणि म्हणाला, ‘लेका, दोन पदर मोजलास की. एक मोज.’ एक पदर साठ भरला. लोखंड मोजणाऱ्या माणसाला जे दिसलं ते पिशव्या विकणाऱ्याला दिसलं नाही. एजंटाला फोन केला तर म्हणे, ‘मिळून एकशेवीस होतंच की.’

खरी गंमत पुढे आहे. मी रागाने घरी आलो, आता खरोखरच्या १२० ची पिशवी कुठे मिळेल ते शोधायला बसलो, तेव्हा पुतणीने जुना २०१६ चा आदेश पुन्हा काढला. आता ती कॉलेजात होती. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, ‘काका, इथे बघा. इरिस्पेक्टिव्ह ऑफ थिकनेस.’ मी म्हटलं, हो, थिकनेस म्हणजे जाडी, पाठ आहे. ‘आणि इरिस्पेक्टिव्ह?’ तो शब्द माझ्या वहीत नव्हता. ‘कितीही असली तरी,’ ती म्हणाली. म्हणजे केंद्राचं ७५ नि १२० चं गणित आपल्या जागी. कर्नाटकात कॅरीबॅगेला जाडीची सवलत पहिल्या दिवसापासून नव्हतीच. सहा वर्षं तो कागद माझ्या गल्ल्याखाली होता. वहीत त्या शब्दापुढची रक्कम मी इथे लिहीत नाही, घरात अजून सगळ्यांना सांगितलेली नाही.

त्यानंतर मी शब्द शिकायची पद्धत बदलली. नावं नंतर. आधी शब्दाला पुढून-मागून काय चिकटलंय ते बघायचं.

‘बायो’ हे असलंच एक चिकटलेलं शेपूट, खरं तर शेंडी. हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या पिशव्या आल्या, ‘शंभर टक्के बायोडिग्रेडेबल’. किंमत दीडपट. मी दोन गठ्ठे घेतले, पण या वेळी वापरून बघायचं ठरवलं. भावाचं शेत येळ्ळूर शिवारात, बासमतीचं. तिथल्या शेणखताच्या खड्ड्यात पाच पिशव्या पेरणीच्या आधी पुरल्या. दिवाळीनंतर खड्डा उपसला तर पिशव्या गायब! मी तर जिंकलोच. भाऊ मात्र खत हातात घेऊन उन्हाकडे धरून बघत होता. खतात हिरवे-पांढरे कण, नखाएवढे, काही तिळाएवढे, चकाकणारे. पिशवी गेली नव्हती, तिची फोडणी झाली होती.

पुतणीने मग तीन शब्द तीन ओळींत लिहून दिले. डिग्रेडेबल म्हणजे मोडणारं. कशाने, किती तुकडे होऊन, ते सांगायला बांधील नाही. बायोडिग्रेडेबल म्हणजे जिवाणूंनी खाऊन संपवलेलं. कंपोस्टेबल म्हणजे ठरलेल्या उष्णतेत, ठरलेल्या मुदतीत खत होणारं, आणि त्याला कागद लागतो. आमच्या पिशवीवर मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात आणखी एक शब्द होता, ऑक्सो. ऑक्सो म्हणजे त्यात असं रसायन घातलेलं असतं की ऊन-हवेने प्लास्टिक लवकर ठिसूळ होऊन चुरा व्हावं. युरोपीय संघाने २०२१ मध्ये असला माल बाजारात आणायला मनाई केलीय. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, हा शब्द शास्त्रज्ञांच्या लिहिण्यात २००४ पासून रुळला. मला त्यासाठी समुद्रावर जावं लागलं नाही. तसाही दर पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-येळ्ळूरकडच्या भातात शहराचं प्लास्टिक येऊन बसतं. त्यात मी विकलेलं किती, हा हिशेब वहीत मांडायला मी रकाना पाडला नाही. भावाने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

कंपोस्टेबलचा कागद म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र, आणि पिशवी आयएस आयएसओ १७०८८ या मानकात बसलेली हवी. त्याची चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापवलेल्या कंपोस्टमध्ये होते, सहा महिन्यांच्या मुदतीत नव्वद टक्के संपायला हवी. भाऊ म्हणाला, ‘आमच्या खड्ड्याला कोण तापवत बसणार?’

आता ‘नॉन’. कॅरीबॅग बंद झाल्यावर कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांचा सुकाळ झाला, लग्नात आहेर-नारळ त्यातच देतात. सगळे कापडी म्हणून विकत होते, मीही विकल्या. नाव नॉन-वोव्हन. आमच्या गल्लीत अजून मागाचा आवाज येतो. शहापूर-वडगाव म्हणजे साड्या विणणाऱ्यांची वस्ती. शेजारच्या विणकर आजोबांना एक पिशवी भेट दिली. त्यांनी डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, बोटांनी ताणली. ‘ह्येला ताणा कुठाय, बाणा कुठाय?’ मग विडी पेटवायच्या काडीने कोपरा पेटवला. सुती असतं तर राख झाली असती. हे आकसलं, थेंब होऊन टपकलं आणि फरशीवर काळा मणी झाला. ‘प्लास्टिक हाय रे बाबा,’ म्हणाले आणि पिशवी परत दिली. वोव्हन म्हणजे विणलेलं, नॉन म्हणजे नाही. नाव ओरडून सांगत होतं की मी विणलेलं नाही! पॉलिप्रॉपिलीनचे धागे तापवून दाबलेले. देशाच्या नियमात तिलाही वजन ठरवून दिलंय, दर चौरस मीटरला साठ ग्रॅम तरी. हा शब्द मला फुकट पडला, फक्त आजोबांपुढे मान खाली गेली. ती रक्कम कुठल्या रकान्यात लिहायची?

१ जुलै २०२२ ला देशभर सिंगल-यूजची बंदी आली, तेव्हा मी बाजारातल्या दहा-बारा जणांना यादी वाचून दाखवली. हो, मीच. कान साफ करायच्या काडीपासून चहा ढवळायच्या स्टिररपर्यंत. मिठाईच्या डब्यावरच्या फिल्मला आलो तेव्हा कुंदावाला म्हणाला, ‘अहो, आमच्या घरी तर ती फिल्म पण जपून ठेवतात, सिंगल यूज कसली?’ सगळे हसले. प्रश्न मात्र खरा होता. आमच्या आईने दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळत घालून, त्यात वर्षभर लोणच्याच्या फोडीसुद्धा दिल्यात. मी घरी येऊन व्याख्या वाचली. त्यात एक शब्द आहे, इंटेंडेड. तुम्ही किती वेळा वापरता हे कोणी विचारत नाही. वस्तू बनवताना ती एकदाच वापरायची म्हणून बनवलीय का, एवढंच बघतात. दुसऱ्या दिवशी कुंदावाल्याला सांगितलं. त्याने मला एक डबा दिला, कागदात गुंडाळलेला. मास्तरकीचं ते माझं पहिलं मानधन.

पुतणी सध्या एमएस्सीला आहे. परवा तिच्या सेमिनारची तयारी करताना तिने जगातल्या प्लास्टिक कराराबद्दल वाचून दाखवलं. २०२२ मध्ये नैरोबीत ठरलं की लीगली बाइंडिंग करार करायचा, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात बैठक झाली तरी एकमत झालं नाही. बाइंडिंग म्हटल्यावर मला खतावणीचं बाइंडिंग आठवलं. ती म्हणाली, ‘तसंच हो काका, पानं सुटू नयेत म्हणून.’

आता एजंट आला की मी चहा सांगतो आणि वही काढतो. मागच्या महिन्यात एक पोरगा आला, नवीन पिशवी, ‘पूर्ण इको-फ्रेंडली, सर.’ मी विचारलं, फ्रेंडली राहू दे, कंपोस्टेबल आहे का? छापलंय कुठे? प्रमाणपत्राचा नंबर? ऑक्सो नाही ना? त्याने दोनदा कपाळ पुसलं आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही प्रोफेसर होता काय पूर्वी?’ कागद घेऊन येतो म्हणून गेला, चहा तसाच टाकून.

पाटी मात्र बदलावी लागली. २०२४ मध्ये पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा नियम आला, तेव्हा पेंटरला बोलावलं. त्याने विचारलं, डिस्पोजलला कन्नडमध्ये काय लिहू? मी म्हटलं, तो शब्दच काढ. आता माझ्याकडे सुपारीच्या झावळीची ताटं असतात, पानांच्या पत्रावळी नि द्रोण असतात, सुती पिशव्या असतात, आजोबांना दाखवून घेतलेल्या. ‘मग पत्रावळी लिहितो,’ तो म्हणाला, ‘आमच्यात पण पत्रावळीच म्हणतात.’ आधी वर मोठ्या कन्नड अक्षरांत लिहिलं, मग खाली लहान मराठीत. शिडीवरून उतरून विचारलं, होलसेल ठेवू का? म्हटलं, ठेव.