रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्याकडे रिटर्न देऊ नका

फॉर्म १६ (वर्षभराचा पगार आणि कापलेला इन्कम टॅक्स दाखवणारा कंपनीचा दाखला) हातात पडायला लागले की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. रिटर्न भरून मिळेल, जास्तीत जास्त रिफंडची गॅरंटी, फी रिफंड जमा झाल्यावर. खाली नाव नाही, ऑफिसचा पत्ता नाही, नुसता मोबाईल नंबर. आणि लोक तो नंबर सेव्ह करतात, कारण शिफ्टमधल्या कोणाला तरी मागच्या वर्षी पन्नास-साठ हजार आलेले असतात आणि तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगत असतो की आपला माणूस लय भारी आहे. मी सीए आहे, माझं छोटं ऑफिस याच भागात आहे, आणि हेच लोक दोन-तीन वर्षांनी नोटीस घेऊन माझ्यासमोर बसतात, घाबरलेले, बऱ्याचदा बायकोला न सांगता आलेले. ते बघून फार वाईट वाटतं म्हणून हे लिहितेय.

रिफंड म्हणजे काय ते आधी सांगते. कंपनी वर्षभर तुमच्या पगारातून टीडीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, वर्ष संपल्यावर तुमचा खरा टॅक्स त्यापेक्षा कमी निघाला तर वरचे पैसे परत येतात, बस एवढंच. म्हणजे कंपनीला तुम्ही सगळे कागद वेळेवर दिले असतील आणि त्यांनी टीडीएस बरोबर कापला असेल तर रिफंड शून्याच्या आसपासच यायला पाहिजे, आणि तो शून्य आला तर तुमचं रिटर्न अगदी छान भरलंय असं समजा.

आता तो नंबरवाला माणूस काय करतो ते आकड्यांत बघू. समजा आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये पगार ११ लाख. जुन्या रेजीममध्ये (टॅक्सच्या दोन पद्धतींपैकी वजावटी मिळतात ती) स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० आणि पीएफ-एलआयसी धरून कलम ८०सी चे पूर्ण दीड लाख वजा केले की उरतात ९ लाख (प्रोफेशनल टॅक्सचे २,५०० सोपं पडावं म्हणून बाजूला ठेवते). त्यावर सेस धरून टॅक्स येतो ९६,२०० आणि कंपनीने तेवढाच कापलेला आहे. हा माणूस काय करतो, राजकीय पक्षाला देणगी म्हणून ८०जीजीसी मध्ये दीड लाख टाकतो, एज्युकेशन लोनचं व्याज म्हणून ८०ई मध्ये १ लाख आणि आईवडिलांच्या मेडिक्लेमचे ८०डी मध्ये ५०,०००. देणगी दिलेली नाही, लोन नाही, गावाकडच्या आईवडिलांची पॉलिसी कधी निघालेलीच नाही. पण कागदावर उत्पन्न ६ लाख झालं, टॅक्स ३३,८०० वर आला आणि ६२,४०० रुपये रिफंड आला. त्यातले दहा टक्के, काही जण तर वीस टक्के घेतात, तो घेऊन मोकळा.

आणि गंमत अशी वाटते लोकांना की रिफंड खरंच येतो, काही आठवड्यांत येतो. कारण आयटीआर फॉर्मला आपण पावत्या जोडत नाही, बंगळुरूच्या सीपीसीमध्ये (विभागाच्या प्रोसेसिंग सेंटरमध्ये) रिटर्न कॉम्प्युटरवर प्रोसेस होतं, बेरीज-वजाबाकी आणि टीडीएस जुळला की इंटिमेशन, म्हणजे हिशोबाचं पत्र, निघतं आणि पैसे खात्यात. मग सगळ्यांना वाटतं की डिपार्टमेंटने मान्य केलं, केस संपली. तसं नसतं हो. ती फक्त पहिली चाळणी असते. लपवलेलं उत्पन्न ५० लाखांपेक्षा कमी असेल तरी असेसमेंट इयर (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यावर सव्वातीन वर्षांपर्यंत जुनी केस उघडता येते, आणि तोपर्यंत ते पैसे मुलीच्या ॲडमिशनला नाहीतर घराच्या स्लॅबला कधीच गेलेले असतात.

सापडतं कसं, तर आता सगळीकडून माहिती जमा होते. तुम्ही कंपनीला काय काय डिक्लेअर केलं ते कंपनीच्या टीडीएस रिटर्नमधून डिपार्टमेंटकडे जातं, म्हणजे कंपनीला जे सांगितलंच नाही ते रिटर्नमध्ये अचानक तीन लाखांनी उगवलं की लगेच डोळ्यावर येतं. ८०जी ची, म्हणजे टॅक्समध्ये सूट मिळणारी, देणगी घेणाऱ्या संस्थांना देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये भरावी लागते. २०२५ च्या फॉर्ममध्ये तर पॉलिसी नंबर, लोन कोणाकडून घेतलं, अकाउंट नंबर काय असं सगळं विचारायला सुरुवात झाली. राजकीय देणगीचा प्रकार तर जास्तच वाईट. नोंदणी आहे पण कधी कुठे दिसत नाहीत असे पक्ष, चेकने किंवा यूपीआयने पैसे घ्यायचे आणि कमिशन कापून कॅश परत करायचे असे धंदे तपासात निघाले. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये असे नोंदणीकृत पण मान्यता नसलेले ३३४ पक्ष यादीतून काढून टाकले, अटी पाळत नाहीत म्हणून.

१४ जुलै २०२५ ला तर आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली, ती थेट अशा रिटर्न भरून देणाऱ्यांवरच. त्या वेळी विभागाने जे सांगितलं त्यात महाराष्ट्राचं नाव होतं, आणि हेही होतं की आधीच्या चार महिन्यांत साधारण ४०,००० लोकांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले. मोठमोठ्या कंपन्यांतले, सरकारी नोकरीतले, कॉलेजांतले लोक यात होते, म्हणजे शिकलेले नाहीत म्हणून फसले असं अजिबात नाहीये.

माझ्याकडे आलेला प्रत्येक जण पहिलं वाक्य जवळजवळ हेच बोलतो, "मॅडम, मी फक्त आधारचा ओटीपी दिला होता." मी म्हणते, "दादा, तो ओटीपी म्हणजेच तुमची सही होती." रिटर्न ई-व्हेरिफाय झालं ते त्याच ओटीपीवर. कायद्याच्या नजरेत ते रिटर्न तुम्हीच भरलेलं असतं, एजंटचं नाव त्यात कुठेच नसतं. आणि मग चुकीची माहिती दिली म्हणून कलम २७०ए ची पेनल्टी लागू शकते ती त्या टॅक्सच्या २०० टक्के. वरच्याच उदाहरणात धरा, ६२,४०० परत, १,२४,८०० पेनल्टी, झाले १,८७,२००, शिवाय व्याज वेगळं. एजंटला दिलेले सहा हजार गेलेच आणि त्याचा नंबर तोपर्यंत बंद लागतो.

यातली मला सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे ईमेल आणि मोबाईल. हे लोक पोर्टलवर तुमच्या प्रोफाईलमध्ये स्वतःचा किंवा तात्पुरता बनवलेला ईमेल टाकून ठेवतात. नोटीस तिकडे जाते, कोणी वाचत नाही, उत्तराची तारीख निघून जाते आणि ऑर्डर एकतर्फी निघते. तुम्हाला कळतं ते नवीन वर्षाचा खरा रिफंड जुन्या डिमांडमध्ये, म्हणजे विभागाने काढलेल्या बाकीत, वळता झाला की मग. म्हणून बाकी काही नाही केलं तरी आज एवढं करा, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करा (पासवर्ड माहीत नसेल तर आधार ओटीपीने नवीन करता येतो), प्रोफाईलमध्ये मोबाईल आणि ईमेल तुमचाच आहे का बघा, मग पेंडिंग ॲक्शन्समध्ये ई-प्रोसीडिंग्ज उघडून काही पडलंय का बघा, आणि भरलेल्या रिटर्नची पूर्ण कॉपी डाउनलोड करून त्यात चॅप्टर सहा-ए च्या, म्हणजे ८०सी, ८०डी वगैरे वजावटींच्या, रकमा वाचा. पावतीचं एक पान बघून काही कळत नाही, पूर्ण फॉर्मच बघायचा. ईमेलवर नोटीस आली आणि खरी की खोटी कळत नसेल तर तिच्यावरचा डीआयएन (प्रत्येक नोटीसचा वेगळा ओळख क्रमांक) पोर्टलवर टाकून तपासता येतो, लॉगिनसुद्धा लागत नाही.

टक्केवारीचं पण सांगते. रिटर्न कोणीही भरून देऊ शकतं, त्याला सीएच पाहिजे असं नाही, आणि खूप टॅक्स प्रॅक्टिशनर अतिशय प्रामाणिकपणे काम करतात. पण सीए असेल तर त्याला रिफंडच्या टक्क्यावर फी घेताच येत नाही, १९४९ च्या सीए कायद्यात कामाच्या निकालावर अवलंबून फी घेणं हा, मोजके अपवाद सोडले तर, गैरवर्तनाचा प्रकार धरलाय. नियम का असेल ते उघड आहे, ज्याची फी रिफंडवर ठरते तो आकडा फुगवणारच. त्यामुळे कोणी म्हणालं मी सीए आहे आणि दहा टक्के घेतो, तर तिथून उठा. फी आधी ठरवा, रुपयांत ठरवा, आणि काम झाल्यावर कम्प्युटेशन मागा, म्हणजे उत्पन्न किती, कशाची वजावट घेतली, टॅक्स कसा आला याचा कागद. हा कागद एजंट कधीच देत नाही.

आता दुसरी बाजू, आणि माझ्यासाठी हीच जास्त महत्त्वाची आहे. खोटं न लिहिता मिळणारे फायदे लोकांचे सुटून जातात. एक ताई आल्या होत्या, मिस्टर कंपनीत, मुलगा जन्मापासून चालू शकत नाही. सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून पिशवीत ठेवलेलं, त्यावर ८० टक्क्यांच्या वर अपंगत्व लिहिलेलं. एजंटने त्यांच्या रिटर्नमध्ये नसलेलं लोन दाखवलं होतं आणि ८०डीडी एकही वर्ष घेतलं नव्हतं! अपंग व्यक्ती आपल्यावर अवलंबून असेल तर जुन्या रेजीममध्ये ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० सरसकट वजा होतात, औषधाची बिलं तेवढ्या रकमेची जमवावी लागत नाहीत, सर्टिफिकेट लागतं. वीस टक्क्यांच्या स्लॅबला वर्षाला २६,००० रुपये होतात हे. हक्काचे. काही आजारांत फॉर्म १०-आयए लागतो तेवढं बघून घ्यायचं. त्या माउलीने विचारलं, मागच्या वर्षांचे मिळतील का, आणि मला सांगावं लागलं की वेळ निघून गेलीये. फार लागलं मनाला.

तसंच शिक्षकांचं आणि एसटी, झेडपीच्या लोकांचं. एरियर्स एकदम मिळाले की त्या एका वर्षात टॅक्स वाढतो, त्याला कलम ८९ ची सवलत आहे, पण रिटर्नच्या आधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो, तो राहिला की सवलत नाकारून डिमांड येते. हे माहीत नसल्यामुळे चांगले मुख्याध्यापक लोक हैराण होताना बघितलेत. आणि रेजीमची तुलना दर वर्षी करा. २०२५-२६ पासून नव्या रेजीममध्ये पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स लागत नाही (शेअर्सचा कॅपिटल गेन वगैरे असेल तर हिशोब वेगळा), त्यामुळे या बेल्टमधल्या बहुतेकांना आता खोट्या वजावटीची गरजच उरलेली नाही, तरीही मेसेज फिरतायत. जुनी रेजीम घ्यायची असेल तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं, उशीर झाला की पगारदाराला ती मिळत नाही.

वर्कशॉपवाल्यांसाठी एकच. बँकेच्या लोनसाठी ऑडिट रिपोर्ट किंवा सर्टिफिकेट कोणी "आणून" दिलं आणि सही करणाऱ्या सीएला तुम्ही कधी बघितलंच नसेल, तर त्यावरचा यूडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, साईटवर टाकून बघा. २०१९ पासून तो बंधनकारक आहे, बँका पण तो तपासतात, आणि खोटा निघाला तर लोन तर जातंच, वर तुमच्या नावाने तक्रार होते.

आता ज्यांचं आधीच असं रिटर्न गेलंय त्यांनी काय करायचं. रिव्हाइज करायची मुदत शिल्लक असेल तर लगेच रिव्हाइज्ड रिटर्न भरा. ती गेली असेल तर अपडेटेड रिटर्न, आयटीआर-यू. असेसमेंट इयर संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत टॅक्स आणि व्याजावर २५ टक्के जास्त, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, मग ६० आणि ४८ महिन्यांपर्यंत ७० टक्के. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षातच भरलं तर ६२,४०० अधिक व्याज आणि त्यावर पंचवीस टक्के, म्हणजे नव्वद हजार ते लाखाच्या आसपास. जड आहे, माहितीये, पण पावणेदोन-दोन लाखांपेक्षा कितीतरी कमी आणि रात्रीची झोप लागते. नोटीस यायच्या आधी केलेलं सगळ्यात सोपं जातं, एकदा केस सुरू झाली की पर्याय कमी होतात आणि महाग होतात.

चलन भरल्याशिवाय आयटीआर-यू सबमिट होत नाही, म्हणून आधी पैशाची सोय बघा, मग जवळच्या कोणत्याही ओळखीच्या सीएकडे जा. जाताना त्या वर्षाचा फॉर्म १६, २६एएस आणि एआयएस (पोर्टलवर मिळणारी, तुमच्या नावावरच्या टीडीएस आणि व्यवहारांची स्टेटमेंट), इंटिमेशन आणि ज्या खात्यात रिफंड आला त्याचं स्टेटमेंट घ्या. एजंटशी झालेलं व्हॉट्सॲप चॅट आणि त्याला केलेल्या यूपीआयचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, उत्तर देताना लागू शकतात. आणि पासवर्ड कागदावर लिहून कोणालाच देऊ नका, लॉगिन तुमच्या मोबाईलवरून तुम्हीच करा, बाकी आम्ही शेजारी बसून सांगतो.