तुम्ही विचारलंत म्हणून: आयर्लंडमध्ये एकटी फिरताना पबमध्ये कशी काय जातेस?

हा प्रश्न मला मैत्रिणी विचारतात, ऑफिसमधले विचारतात, मावशीने तर तीनतीनदा विचारलाय. डोंगरात एकटी जातेस ते एकवेळ समजू शकतो, पण परक्या देशात, संध्याकाळी, एकट्या बाईने पबमध्ये जाऊन बसायचं, आणि तू तर धड पीत पण नाहीस. तर सांगते. मला आयर्लंडमध्ये एकटं फिरणं जमलं त्याचं निम्मं कारणच तिथले पब आहेत.

आधी दिवसाचं सांगते म्हणजे संध्याकाळचं कळेल. आयर्लंडच्या नैऋत्येला केरी नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, तिथे केरी वे म्हणून दोनशेच्या वर किलोमीटरची एक गोल पायवाट आहे, किलार्नी गावाहून निघते आणि तिथेच परत येते. मी त्यातला किलार्नी ते केनमेअर हा टप्पा चालले, साधारण २५ किलोमीटर. टॉर्क धबधब्याच्या वर चढलात की जुना केनमेअर रोड लागतो, नावाला रोड, खरं तर दगडगोट्यांची वाट, मध्ये ओकची झाडी, मध्ये नुसती दलदल आणि त्यावर टाकलेल्या लाकडी फळ्या. चालणाऱ्या माणसाचं पिवळं चित्र असलेले खांब दिसत राहतात तोपर्यंत तुम्ही बरोबर आहात. नशीब असेल तर हरणं दिसतात, माणसं मात्र तासन्‌तास दिसत नाहीत. तिथलं सगळ्यात उंच शिखर कॅरनटूहिल जेमतेम १,०३८ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६, त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं काय मोठंसं. पण तिकडे उंचीपेक्षा हवा जास्त दमवते, ऊन असताना अचानक धुकं उतरतं, बारीक पाऊस लागतो आणि पायाखाली चिखल. पाण्यात टिकणारे बूट, ऑफलाइन मॅप आणि मुक्कामाच्या ठिकाणी 'मी या वाटेने येतेय' असा निरोप, याशिवाय मी निघत नाही. इमर्जन्सीला ११२ लावायचा आणि माउंटन रेस्क्यू मागायचं.

आता असा दिवसभर कोणाशी एक शब्द न बोलता चालल्यावर संध्याकाळी खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसायचं का? मला ते नाही जमत. आणि छोट्या गावात पब म्हणजे फक्त दारूचा अड्डा नाहीये हो. दुपारी तिथे आजीआजोबा सूप आणि ब्राउन ब्रेड खात असतात, लहान पोरं रात्री नऊपर्यंत आईबापांबरोबर बसू शकतात, उन्हाळ्यात दहापर्यंत, आणि सिगारेटचा धूर नाही कारण २००४ पासून आत ओढायला बंदीच आहे. मी कोपऱ्यातलं टेबल घेत नाही, सरळ काउंटरपाशी स्टुलावर बसते. टेबलावर एकटी बसलं की आपण एकटे दिसतो, काउंटरवर कोणीच एकटं नसतं. चहा मागा, बिनअल्कोहोलची गिनेस (तिथली प्रसिद्ध काळी बिअर) मागा, कोणी भुवई उंचावत नाही. शेजारचा माणूस आधी हवेवर बोलतो, मग कुठून आलात विचारतो. एका आजोबांना मी महाराष्ट्र म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, लिओ वराडकरांच्या (आयर्लंडच्या माजी पंतप्रधानांच्या) वडिलांचं गाव तिकडचंच ना! मालवण तालुक्यातलं वराड. माझं आजोळ कणकवलीचं, त्यामुळे पुढचा तासभर मी केरीत बसून कोकण सांगत होते.

आणि संगीत. त्यासाठी क्लेअर काउंटीतल्या डूलिन गावाला जाच, क्लिफ्स ऑफ मोहर हे समुद्राकाठचे उंच कडे जवळच आहेत, पण मी म्हणेन कडे दिवसा बघा आणि रात्र पबसाठी ठेवा. स्टेज वगैरे काही नाही, एका टेबलाभोवती फिडल (म्हणजे व्हायोलिनच), टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी, कॉन्सर्टिना ही हातात मावणारी भात्याची पेटी आणि बाउरॉन नावाचा हातात धरायचा ढोल घेऊन माणसं बसतात आणि एकमेकांकडे बघत वाजवतात, अगदी देवळातलं भजनी मंडळ बसतं तसं, ऐकणारे आहेत म्हणून नाही तर वाजवायचंय म्हणून. एक चाल दोनतीनदा फिरते आणि न थांबता दुसरीत शिरते, कधी शिरली ते कळतच नाही. मध्येच कोणीतरी डोळे मिटून साथीशिवाय गाणं सुरू करतं आणि इतका वेळ कलकलाट करणारा अख्खा पब गप्प होतो, ग्लास ठेवल्याचासुद्धा आवाज नाही. मला तेव्हा रडू येतं, प्रत्येक वेळी. फक्त वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसू नका आणि मोबाईल काढण्याआधी विचारा.

भीतीचं म्हणाल तर मी शहरातल्या मध्यरात्रीच्या गर्दीत जात नाही, डब्लिनचा टेंपल बार हा पबांनी भरलेला भाग मला महाग आणि गोंगाटाचा वाटला. कोणी आग्रहाने राउंड (एकाने सगळ्यांसाठी पेयं घ्यायची, मग दुसऱ्याने) पाजायला लागलं तर सुरुवातीलाच नको म्हणते, कारण एकदा घेतलं की पुढची राउंड आपली असते. आणि मुक्काम पबपासून चालत पाच मिनिटांवरच घेते, गावाकडे रात्री बस बहुतेक नसते आणि टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते.