थर्माकोल कापणारी तार आणि तिचा वीजपुरवठा : माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझा पॅटर्न, म्हणजे धातूच्या ओतकामासाठी लागणारे नमुने, बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. फाउंड्रीला एकच नग ओतायचा असतो तेव्हा सागवानी पॅटर्न परवडत नाही. अशा वेळी थर्माकोलचा पॅटर्न करून तो वाळूत तसाच ठेवतात. ओतलेले लोखंड आत शिरताच तो जळून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या यंत्रमागाच्या तुटलेल्या बाजूच्या फ्रेमसाठी असा पॅटर्न करण्याचे काम माझ्याकडे आले. करवतीच्या पात्याने थर्माकोलचे दाणे सुटत होते आणि कडा खरबरीत राहत होती, म्हणून तापलेल्या नायक्रोम (निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू) तारेने कापायचे ठरवले. तार ताणून धरणारी लाकडी कमान एका दिवसात तयार झाली. तिच्या तारेला वीज कशी द्यायची, हे समजायला मात्र मला तीन महिने लागले.

पहिली कल्पना अगदी साधी होती : घरच्या 230 व्होल्टच्या लाइनीत पंख्याचा रेग्युलेटर घालायचा आणि तार तापवायची. नव्या पेठेतून तार आणून मी मोटर वाइंडिंग करणाऱ्या अण्णांकडे गेलो. त्यांनी मला खाली बसवले आणि म्हणाले, "मालक, रेग्युलेटर व्होल्टेज कमी करतो, पण तार लाइनीपासून वेगळी करत नाही. उघड्या तारेला हात लागला की लाइनीलाच हात लागला." व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिॲकचेही तेच, कारण त्यात एकच वाइंडिंग असते आणि त्याचे आउटपुट मेन्सशी जोडलेलेच राहते. दोन स्वतंत्र वाइंडिंग असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा चांगल्या एसएमपीएसमधून (मेन्सची वीज कमी व्होल्टेजच्या डीसीत बदलणारा इलेक्ट्रॉनिक पुरवठा) येणारी वीजच उघड्या तारेला द्यावी, हा नियम मी त्या दिवशी मनाशी पक्का केला. हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी तो कळकळीने सांगतो.

तारेच्या गेजचा, म्हणजे जाडी सांगणाऱ्या क्रमांकाचा, घोळ इथेच सांगून टाकतो. आपल्या बाजारात तार ब्रिटिश गेजने मिळते, तर इंटरनेटवरचे तक्ते बहुतेक अमेरिकन गेजचे असतात. ब्रिटिश 28 गेजची तार 0.376 मिलिमीटर जाडीची असते आणि अमेरिकन 28 गेजची सुमारे 0.32. आकडा एकच असला तरी मीटरमागे रोध एका तारेचा पावणेदहा ओहमच्या आसपास भरतो आणि दुसरीचा साडेतेराच्या. म्हणून मी गेज विचारणे सोडले आणि मायक्रोमीटर लावून जाडी मोजू लागलो. माझ्या कमानीत 60 सेंटिमीटर तार बसते, म्हणजे रोध साधारण 5.9 ओहम. नायक्रोम तापल्यावर हा रोध जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे थंड तारेवर केलेला हिशेब गरम तारेलाही चालतो.

अण्णांनी 6, 9 आणि 12 व्होल्टचे टॅप (वाइंडिंगमधून बाहेर काढलेली वेगवेगळी टोके) काढून पाच अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. 6 व्होल्टवर तार थर्माकोलमध्ये अडकून वाकायची आणि 12 व्होल्टवर धूर निघायचा. 9 व्होल्टवर मात्र दीड अँपिअर वाहून काप सुरेख येई. टॅप बदलला की उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. 9 वरून 12 वर जाणे म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट उष्णता, आणि या दोन टॅपांच्या मधे थांबायला जागाच नव्हती. त्यात एप्रिल उजाडला. दुपारी आमच्या भागात लाइन 205 व्होल्टपर्यंत उतरायची आणि सकाळी लोण्यासारखी सरकणारी तार दुपारी ओढावी लागायची. हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की 230 चे 205 झाले की तारेची उष्णता वीस टक्क्यांनी घटते. सकाळी कापलेला आणि दुपारी कापलेला तुकडा एकमेकांना जुळत नव्हता, आणि ज्या कामात बिडाच्या आकुंचनासाठी मीटरला दहा मिलिमीटरची सूट धरावी लागते तिथे कापाची फट दर तासाला बदलणे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

म्हणून 24 व्होल्टचा एसएमपीएस घेतला आणि त्याला पीडब्ल्यूएम कंट्रोलर जोडला. हा कंट्रोलर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि चालू राहण्याच्या वेळेचे प्रमाण नॉबने ठरते. मी मल्टिमीटर डीसी अँपिअरवर लावला, नॉब फिरवत दीड अँपिअरवर आणला आणि तार थर्माकोलजवळ नेली. ती टेकण्यापूर्वीच थर्माकोल मागे सरकला. खिडकी लोटून अंधारात पाहिले तर तार मंद लाल दिसत होती, आणि काडेपेटीची काडी सहज बसेल एवढी रुंद फट पडली होती. मीटर खराब असावा, असे मला दोन दिवस वाटत राहिले.

मीटर चांगला होता. तो सरासरी दाखवत होता आणि तार मात्र आरएमएस करंटने, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या स्थिर करंटच्या आकड्याने, तापत होती. 24 व्होल्टवर 5.9 ओहममधून वाहताना करंट चार अँपिअर असतो. तो 37 टक्के वेळ वाहिला तर सरासरी दीड अँपिअर येते, पण आरएमएस अडीच अँपिअरच्या जवळ जाते. मला हवी होती सुमारे 13 वॉट उष्णता आणि तारेला मिळत होती 36 वॉट. पीडब्ल्यूएम वाईट नाही, पण साध्या मीटरच्या आकड्यावर विसंबून त्याने तार तापवू नये. नॉब शून्यापासून हळूहळू वाढवावा आणि तार काय करते ते पाहावे.

शेवटी मी जे वापरू लागलो ते म्हणजे त्याच एसएमपीएसपुढे जोडलेले, व्होल्टेज आणि करंट दोन्हींची मर्यादा ठरवता येणारे पाच अँपिअरचे डीसी-डीसी मॉड्यूल. त्यावरचा करंटचा बारीक स्क्रू काढून मी दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलणारा नॉब) पॅनेलवर आणला. तारेची जाडी आणि तिच्याभोवतीची हवा तीच असेल, तर तार किती तापेल हे करंटवर ठरते, लांबीवर नाही. 60 सेंटिमीटरची कमान काढून मीटरभर लांबीची लावली की व्होल्टेज आपोआप 9 वरून 15 च्या आसपास चढते आणि करंट दीडच राहतो. पूर्वी 12 व्होल्टच्या टॅपवर असताना एकदा क्रोकोडाइल क्लिप सरकून तारेच्या मध्यावर बसली होती आणि तार क्षणात तुटून माझ्या बाहीवर पडली होती. आता तसे झाले तर व्होल्टेज उतरते आणि तार शाबूत राहते. व्होल्टेजची मर्यादा मी 18 वर ठेवली आहे.

करंट बरोबर आहे की नाही, हे आता मी मीटरआधी थर्माकोलकडे पाहून ओळखतो. तार पुढे सरकताना तिच्यामागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे ओढले जात असतील तर उष्णता योग्य आहे. धागे अजिबात नसतील आणि कापाची भिंत काचेसारखी चकाकत असेल तर करंट कमी करतो. तारेचा मधला भाग मागे राहून काप पोटाशी वाकत असेल तर किंचित वाढवतो. दीड अँपिअरवर माझ्या हाताच्या वेगाने फट एक मिलिमीटरच्या आत येते आणि तिचा निम्मा भाग मी टेम्प्लेटमध्ये आधीच धरतो.

तापल्यावर तार दोन मिलिमीटरभर लांबते, म्हणून कमानीच्या एका टोकाला स्प्रिंग आहे. सुरुवातीला करंट त्या स्प्रिंगमधूनच जात होता. ती तापून ढिली पडली आणि काप नागमोडी आला. आता स्प्रिंगला वळसा घालून जाड मऊ वायर थेट तारेला जोडली आहे. डीसीच्या बाजूला पायाचा स्विच आहे, त्यामुळे हात कामावर असतानाच तार तापते. काम नेहमी उघड्या दारात, पंखा बाहेरच्या दिशेने लावून करतो, आणि सोफ्यातला पॉलियुरेथेन फोम कोणी कितीही आग्रह केला तरी या तारेने कापत नाही, कारण त्याचा धूर विषारी असतो.

गेल्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता लाइन 204 व्होल्टवर होती. त्या फ्रेमचा दुसरा नग कापायला घेतला, तेव्हा पॅनेलवरचा करंटचा काटा दीडवर होता आणि शेवटचा तुकडा सुटेपर्यंत तो तिथेच राहिला.